फोर्ट विल्यमच्या छायेतील बिऱ्हाडे

परदेशी गेलेल्या मनुष्याने तिकडच्या राहणीची आपल्या घरच्या राहणीशी तुलना करावी, हा फार जुना प्रघात आहे. आपल्या वाङ्मयात अशा तुलनेला तोटा नाही. मात्र तीत परदेश म्हणजे विलायत आणि घर म्हणजे हिंदुस्थान, ही वाटणी बहुधा ठरून गेलेली असते. आज ती उलटी करून पाहावयाची आहे. ज्यांना इंग्लंड हे घर होते आणि हिंदुस्थान हा परदेश, अशा माणसांची बिऱ्हाडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यास फोर्ट विल्यम किल्ल्याच्या आसऱ्याने थाटली गेली. त्यांतील कित्येकांनी पत्रे व आठवणी मागे ठेवल्या आहेत, आणि त्यांत राज्यकारभारापेक्षा जेवणखाण, नोकरचाकर व उकाडा यांचीच कथा अधिक आहे.

मराठी माणसाला या किल्ल्याविषयी कुतूहल वाटावे असे एक ताजे कारणही घडले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय सेनेने आपल्या पूर्व विभागाच्या या मुख्य ठाण्याचे नाव बदलून ‘विजय दुर्ग’ असे ठेवले. कोकण किनाऱ्यावरील मराठ्यांच्या विजयदुर्गावरून ते घेतलेले आहे. किल्ल्याच्या सेंट जॉर्ज दरवाजाला आता शिवाजी दरवाजा म्हणतात. ज्या शहराने १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या भीतीने आपल्याभोवती ‘मराठा खंदक’ खणावयास घेतला, आणि संकट टळल्याचे दिसताच तो अर्धवट सोडून दिला, त्याच शहरात हे घडावे, ही इतिहासाची एक मौज म्हणावयाची.

आज जो किल्ला दिसतो तो या नावाचा दुसरा. पहिला सिराजउद्दौल्याने १७५६ मध्ये जिंकून घेतला. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये, क्लाइव्हने नव्या किल्ल्याच्या कामास हात घातला व ते पुरे होण्यास वीसएक वर्षे लागली. त्यासाठी गोविंदपूर नावाचे गाव उठविण्यात आले, सभोवतीचे जंगल तोडून तोफांच्या माऱ्यासाठी विस्तीर्ण मोकळी जागा राखण्यात आली. तेच आजचे मैदान. त्या तोफांना शत्रूवर चालण्याचा प्रसंग कधी आला नाही. परंतु किल्ल्याने एक मोठे काम केले. तो पाठीशी उभा आहे या भरवशावर इंग्रज व्यापारी, वकील व कारकून तटाबाहेर पडले आणि त्यांनी चौरंगीच्या बाजूस ऐसपैस, खांबांच्या ओसऱ्यांची, बागांनी वेढलेली घरे बांधली.

या घरांतील नित्यक्रम पाहावयाचा तर ईलायझा फे या बाईच्या पत्रांसारखे साधन नाही. तिचा नवरा बॅरिस्टर. येथील सुप्रीम कोर्टात वकिली करावी म्हणून दोघे १७७९ मध्ये इंग्लंडहून निघाली, वाटेत कालिकतला हैदरअल्लीच्या माणसांच्या कैदेत सापडली आणि १७८० च्या मे महिन्यात कलकत्त्यास पोहोचली. त्याच वर्षी ऑगस्टात तिने घरी लिहिलेल्या पत्रात एका जेवणाचा तपशील आहे. वेळ दुपारी दोनची, म्हणजे बंगालच्या उन्हाळ्यातील ऐन तापाची. माणसे दोन. पानात सूप, भाजलेली कोंबडी, कढी व भात, मटणाची पाय, कोकराचा पुढचा भाग, तांदळाची खीर, गोड टिकल्या, चीज, ताजे लोणी, उत्तम पाव. आणि वर मदीरा दारू. एवढे खाऊन प्रकृती कशी राहते, असे मैत्रिणींना वाटेल हे जाणून ती खुलासा करते की आम्ही श्रीमंत नाही, येथे स्वस्ताईच अशी आहे: अख्खी मेंढी दोन रुपयांना, कोकरू एका रुपयाला. जेवणानंतर निद्रा. त्या वेळी रस्ते मध्यरात्रीसारखे सामसूम. संध्याकाळी गाडीतून हवा खाणे, मग चहा, मग दहापर्यंत भेटीगाठी आणि दहाला पुन्हा जेवण.

आता या पत्रातील दोन रुपयांच्या मेंढीपाशी क्षणभर थांबावयास हवे. ज्या बंगालात ती इतकी स्वस्त होती त्याच बंगालात दहाच वर्षांपूर्वी, १७७० मध्ये, भयंकर दुष्काळ पडून गेला होता. त्यात प्रांतातील निदान एक तृतीयांश वस्ती नष्ट झाली, असा अंदाज वॉरन हेस्टिंग्जने स्वतः १७७२ मध्ये कंपनीच्या संचालकांना कळविला होता. फे बाईंना हे ठाऊक नव्हते असे नव्हे. पण बाजारातला भाव आणि गावातली भूक यांची सांगड घालण्याचे तिला कारण पडले नाही. ती तुलना करीत होती कलकत्त्याची लंडनशी. चौरंगीची शेजारच्या खेड्याशी तुलना करणे तिच्या, किंवा तिच्या मंडळीतील कोणाच्याच, मनात आले नाही. माझ्या मते या साऱ्या पत्रव्यवहारातील मोठी त्रुटी ती हीच. इंग्लंडातील लहान घर आणि बंगालमधील मोठे घर समोरासमोर ठेवून, दोन देशांची राहणी तोलली, असा लिहिणाऱ्यांचा समज होता.

नोकरांचीच गोष्ट घ्या. फिलिप फ्रान्सिस हा गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सभासद होऊन १७७४ मध्ये आला. त्याच्या मेहुण्याने लिहून ठेवले आहे की चौघांच्या कुटुंबाला एकशेदहा नोकर होते. वकील विल्यम हिकी एकटा राहणारा, तरी त्याच्या पदरी त्रेसष्ट. खानसामा वेगळा, वाढणारा खिदमतगार वेगळा. पाणी व दारू सोऱ्याने गार करणारा आबदार, हुक्का सांभाळणारा हुक्काबरदार, रात्री गाडीपुढे धावणारा मशालजी, पालखीचे भोई, घोड्याचे मोतद्दार, भिस्ती, धोबी, माळी, दरवान, मेहतर. हुक्क्याचे प्रस्थ एवढे की १७७९ मध्ये हेस्टिंग्ज दांपत्याने दिलेल्या मेजवानीच्या निमंत्रणात, पाहुण्यांनी हुक्काबरदाराखेरीज नोकर आणू नयेत, अशी सूचना घालावी लागली. याच सुमारास, १७७७ मध्ये, इंग्लंडच्या सरकारने पुरुष नोकरावर माणशी एक गिनी वार्षिक कर बसविला होता. म्हणजे घरी ज्याला एक गडी ठेवताना कराचा विचार करावा लागे, तो येथे येताच डझनांनी माणसे बाळगू लागला.

या पसाऱ्याला ‘पौर्वात्य ऐषाराम’ असे नाव देऊन इंग्रज मोकळे झाले. पण हा ऐषाराम पूर्वेचा होता कुठे? बंगाली कारकुनाच्या किंवा मध्यम शेतकऱ्याच्या घरात असले काही नव्हते. नबाबाच्या दरबारात काही अंशी होते, आणि तो दरबार तर कंपनीने गुंडाळावयास घेतला होता. एकाच्या कामाला दुसऱ्याने हात लावू नये हा जातिधंद्याचा निर्बंध आपला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. मजुरी अत्यल्प होती, हेही खरे. परंतु परक्या देशात सत्ता हाती आलेल्या मनुष्याला आपण कोण आहोत हे चारचौघांत दाखविण्याची जी गरज वाटते, ती यांहून मोठी होती.

फे बाईची एक हकीकत या संबंधात सांगण्यासारखी आहे. तिने एका नोकराला लहानसे टेबल जवळ आणून ठेवावयास सांगितले, तर तो ओरडून इतर गड्यांना बोलावू लागला. ‘तूच का उचलीत नाहीस?’ असे विचारता, आपण इंग्रज नसून बंगाली आहोत, इंग्रजाइतकी शक्ती आपल्यात कोठून, एका इंग्रजाचे काम दोन-तीन बंगाल्यांच्यानेही व्हावयाचे नाही, असे उत्तर त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत दिले. बाईने ही गोष्ट देशी माणसाच्या आळसाचा मासला म्हणून लिहिली. मला मात्र त्या उत्तरात नोकराचा मिश्किलपणा दिसतो. साहेबाची बढाई त्याने अदबीने साहेबाच्याच पदरात टाकली! दुसऱ्या एका नोकराने दीड पाइंट होईल न होईल एवढ्या कस्टर्डला एक गॅलन दूध आणि तेरा अंडी लागल्याचा हिशेब दिला, आणि बाईने तो नाकारताच त्याने नोकरी सोडण्याची सूचना केली. घरादाराचा ताबा नोकरांच्या हाती होता, आणि त्याचे कारण साधे होते: मालकिणीला त्यांची भाषा येत नव्हती.

येथेच या बिऱ्हाडांचा खरा पेच आहे. कंपनीचा नवा कारकून, ज्याला ‘रायटर’ म्हणत, पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा असे. घराला पत्र धाडले तर उत्तर यावयास वर्ष लागे. गलबतातून उतरताच त्याची गाठ ‘बनियन’शी पडे. हा दलाल त्याला घर पाहून देई, नोकर लावून देई, कर्जाऊ पैसे देई, बाजारात त्याच्या वतीने बोले. मुलगा घोडा घेई, मेजवान्या देई आणि दोन वर्षांत कर्जात बुडे. भोवतालच्या देशाशी त्याचा जो काही संबंध येई तो या एका माणसाच्या तोंडून. याच पोरट्याला पुढे जिल्ह्याचा न्यायनिवाडा करावयाचा असे.

लॉर्ड वेलस्लीने १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज काढले ते या रोगावर उपाय म्हणून. कॉलेज नावापुरते फोर्ट विल्यमचे. ते भरे लाल दिघी तळ्याकाठच्या रायटर्स बिल्डिंगमध्ये. अरबी, फारसी, संस्कृतबरोबर देशी भाषाही शिकविण्याचे ठरले, आणि बंगालीसाठी विल्यम केरी या मिशनऱ्याची १८०१ मध्ये नेमणूक झाली. केरी मूळचा नॉर्दॅम्टनशरमधील चांभारकाम करणारा. त्याने १८०१ मध्येच बंगाली संभाषणांचे एक पुस्तक छापले. त्यात साहेब व नोकर यांचे बोलणे आहे, तसेच शेतकऱ्याचे, भिकाऱ्याचे, लग्न जुळविणाऱ्यांचे, एवढेच काय बायकांच्या भांडणाचेही आहे. चौरंगीतल्या मुलाला जी माणसे कधी दिसत नव्हती, ती त्याला निदान पाठ्यपुस्तकात भेटावीत, अशी ही योजना.

मराठीची पाळी लवकरच आली, आणि ती का आली हे तारखा पाहिल्या म्हणजे कळते. १८०३ च्या सप्टेंबरात असईची लढाई झाली. डिसेंबरात देवगावच्या तहाने रघूजी भोसल्याने कटक सोडले. आणि १८०४ मध्ये केरीकडे मराठीचे अध्यापन आले. १८०५ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यात त्याचे मराठी व्याकरण छापले गेले. त्यालाही परिचित विषयांवरील संवाद जोडलेले आहेत. १८१० मध्ये मोडी टाइपात छापलेला मराठी-इंग्रजी कोश आला. हे सर्व वैजनाथ पंडिताच्या साह्याने. सिंहासनबत्तिशी, हितोपदेश, भोसल्यांची वंशावळ ही मराठी गद्य पुस्तकेही तेथूनच निघाली. पुण्यापासून इतक्या दूर, हुगळीच्या काठी, एक मराठी पंडित इंग्रज पोरांना आपल्या घरची भाषा शिकवीत बसला होता. तोही एका अर्थी परदेशी बिऱ्हाड केलेलाच. त्याने मात्र कलकत्त्याची आणि आपल्या गावची तुलना करणारे पत्र मागे ठेवलेले नाही. ठेवले असते तर फे बाईंच्या पत्रांहून मी ते आधी वाचले असते.

कंपनीच्या संचालकांना हे कॉलेज रुचले नाही. खर्च फार, हा आक्षेप होताच. त्याशिवाय इंग्रज मुलाचे वळण इंग्लंडातच पक्के झाले पाहिजे, मग त्याला परदेशी धाडावे, असा विचार बळावला. १८०६ मध्ये त्यांनी तिकडेच, हर्टफर्ड येथे, कॉलेज काढले व ते पुढे हेलीबरीस गेले. फोर्ट विल्यमचे कॉलेज लहान होऊन १८५४ पर्यंत टिकले. दरम्यान दोन समाजांतील अंतरही वाढत चालले होते. मिश्र विवाहसंबंधांतून झालेल्या मुलांना कंपनीच्या वरच्या नोकऱ्यांची दारे १७९१ मध्येच बंद झाली होती. हुक्का गेला, चिरूट आला. १८३३ मध्ये अमेरिकेतील बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचे गलबत बर्फ भरून आले, आणि आबदाराच्या सोऱ्याचे महत्त्व एका दिवसात उतरले. चार महिन्यांच्या प्रवासात निम्म्याच्या आसपास बर्फ वितळूनही शंभर टनांच्या सुमारास शिल्लक राहिला होता.

मात्र तुलनेचा खरा चटका बसे तो परत जाणाऱ्यांना. घरी पोहोचताच त्यांना कळे की आपण आता तेथलेही राहिलो नाही. लंडनच्या रंगभूमीवर सॅम्युएल फूटने १७७२ मध्येच ‘नेबॉब’ नाटकात त्यांची टर उडविली होती. उलट त्यांच्या सवयी मात्र तिकडे रुजल्या. पाटण्याचा दीन महंमद याने १८१० मध्ये लंडनला हिंदुस्थानी खाणावळ काढली, ती याच परतलेल्या मंडळींच्या जिभेवर भिस्त ठेवून. ती फार दिवस चालली नाही. पुढे ब्रायटनला त्याने चंपी आणि वाफेच्या स्नानाचे दुकान थाटले, ते मात्र भरभराटीस आले. चंपीचे ‘शांपू’ झाले ते असे.

फे बाई परत परत येत राहिली आणि १८१६ मध्ये कलकत्त्यासच वारली. तिची पत्रे दुसऱ्या वर्षी तेथेच छापली गेली. हिकी मात्र १८०८ मध्ये कायमचा निघाला. तो बीकन्सफील्ड या लहानशा गावी राहिला. तेथे ना मेजवान्या, ना सोबत. वेळ जाईना म्हणून त्याने आपल्या आठवणी लिहावयास घेतल्या, आणि त्या विसाव्या शतकात चार खंडांत प्रसिद्ध झाल्या. त्रेसष्ट नोकरांपैकी मन्नू नावाचा एकच मुलगा त्याने बरोबर नेला होता. बीकन्सफील्डला त्याचा बाप्तिस्मा झाला व त्याचे नाव विल्यम पडले. १८१९ मधले एक तैलचित्र लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे. त्यात म्हातारा हिकी बसला आहे, जवळ त्याचा कुत्रा आहे, आणि मन्नू बाजूस उभा आहे.