आवाज गेला, मग स्विच गेला

लॅमिंग्टन रोडवरून जुना नेटवर्क स्विच स्वस्तात आणायचा, सोसायटीचे कॅमेरे त्याला जोडायचे आणि पुढे त्याच्या पंख्यांच्या आवाजाने हैराण व्हायचं, हा अनुभव अनेकांच्या ओळखीचा असेल. खालची सोसायटी आणि हा दिवस रचलेला आहे. बिघाडाची प्रत्येक पायरी मात्र यंत्राच्या नियमांना धरून आहे. स्थळ डोंबिवली पूर्व, महिना मे, इमारत चार मजली.

सकाळी १०:०० – उरले १४ तास

स्विच चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये, सेक्रेटरींच्या दाराबाहेर, भिंतीवरच्या लोखंडी पेटीत आहे. २४ पोर्टचा, पीओई प्रकारचा, म्हणजे नेटवर्कच्याच केबलमधून कॅमेऱ्यांना वीजही पुरवणारा. अशी यंत्रं थंड, बंद खोल्यांसाठी घडवलेली असतात. ठाणे जिल्ह्यातल्याच ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत ती रात्रंदिवस किंचाळली तरी तक्रार करायला शेजारी नसतो. यंत्राची उंची जेमतेम पावणेदोन इंच, म्हणून पंखे ४० मिलिमीटरचे. एवढ्याशा पात्यांनी पुरेशी हवा ओढायची तर मिनिटाला हजारो फेरे हवेत. समोरच्या आजोबांना रात्रभर उशाशी पिठाची गिरणी चालल्यासारखं वाटतं. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे त्यांनी सभेतही ऐकवलं आहे.

सकाळी ११:३० – उरले साडेबारा तास

सेक्रेटरींचा इंजिनीअरिंगला असलेला मुलगा झाकण उघडतो. पोरगा हुशार आहे. कनेक्टर बसतो म्हणजे तारांचा क्रमही जुळतो असं नाही, हे त्याला माहीत आहे. तो मीटर लावून एकेक तार तपासतो, डाग देतो, वर श्रिंक ट्यूब चढवतो. जुने पंखे २८ मिलिमीटर जाडीचे होते, नवे शांत पंखे २० मिलिमीटरचे. तरी बारीक सूं सूं उरतेच, म्हणून तो तारेत रेझिस्टर टाकतो. आता १२ व्होल्टच्या पंख्याला पाचच्या आसपास मिळतात आणि वेग निम्म्यावर येतो.

इथेच हिशेब फसवा आहे. वेग निम्मा झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. कानाला तो जवळजवळ नाहीसाच वाटतो. हवाही निम्मी होते आणि अडथळ्यांतून हवा ढकलण्याचा दाब तर चौथाईवर येतो. फायदा लगेच ऐकू येतो; तोटा मोजायला थर्मामीटर लागतो.

दुपारी १२:१५ – उरले पावणेबारा तास

स्विच सुरू होतो, पण पुढचा दिवा हिरव्याऐवजी नारिंगी. पंख्याची तिसरी तार यंत्राला खबर देते. जुन्या पंख्यात ती साधी होती: फिरतोय तोवर पातळी खाली, अडकला की वर. नवा पंखा दर फेऱ्याला दोन ठोके पाठवतो आणि यंत्राला ते कळत नाहीत. म्हणजे या क्षणी इशारा खोटाच आहे. पोरगा ती तार सरळ ग्राउंडला जोडतो. यापुढे पंख्याचं काहीही होवो, यंत्राला तो फिरतानाच दिसेल.

दिवा हिरवा होतो. "बघा आजोबा, येतोय का आवाज?"

"छे रे! शाब्बास. चहा घेऊन जा."

दुपारी ३:३० – उरले साडेआठ तास

पॅसेजमध्ये ३७ अंश. अशा स्विचच्या पत्रकात भोवतालच्या हवेची कमाल मर्यादा साधारण ४५ अंश असते. पण ती यंत्राला स्पर्शणाऱ्या हवेची, आणि यंत्र आहे बंद पेटीत. मागून निघालेली गरम हवा फिरून पुढूनच आत जाते. बोर्डावरचा सेन्सर तापमान वाढल्याची नोंद करतो. ती नोंद स्विचच्या तात्पुरत्या स्मृतीत पडून राहते. ती बघायला कोणी लॉगिन करत नाही.

संध्याकाळी ७:१५ – उरले पावणेपाच तास

बाहेर झुळूक सुटली आहे, पण चौथ्या मजल्यावर गच्चीचा स्लॅब दिवसभर प्यायलेलं ऊन आता आत सोडतोय. त्याच वेळी अंधार पडतो आणि सगळ्या कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात. दिवसा चार-पाच वॅटवर भागवणारा कॅमेरा रात्री दुपटीच्या आसपास मागू शकतो. पुरवलेल्या दर १०० वॅटमागे १०-१५ वॅट पॉवर सप्लायमध्येच उष्णता होऊन राहतात. दुपारी चाचणी झाली तेव्हा हा भार नव्हताच.

रात्री ९:२० – उरले २ तास ४० मिनिटं

लाईट जाते. वीज जाणं गृहीतच धरावं लागतं: १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी पारेषण वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकदम बंद पडली होती, गल्लीतला फीडर ती काय चीज! पेटीतल्या छोट्या यूपीएसच्या बॅटरीने केव्हाच मान टाकली आहे. स्विच बंद होतो आणि दुपारपासूनच्या तापमानाच्या नोंदीही पुसल्या जातात.

रात्री ९:५० – उरले २ तास १० मिनिटं

लाईट येते. दिवा हिरवा होतो, कॅमेरे एकेक करून जागे होतात. पंखे मात्र जागचे हलत नाहीत.

फिरता पंखा कमी व्होल्टवर फिरत राहतो, पण थांबलेल्याला सुरू व्हायला जास्त जोर लागतो. त्यात सुरू होताना तो जास्त करंट ओढू बघतो, तेवढंच रेझिस्टर जास्त व्होल्ट खातो आणि नेमक्या गरजेच्या क्षणी पंख्याला कमी मिळतात. दुपारी कसाबसा सुटलेला पंखा आता अडतो. जुना पंखा असा थांबता तर आधी दिवा नारिंगी झाला असता आणि शांततेनेच आजोबांना जाग आली असती. आज दिव्याला खोटी साक्ष शिकवली आहे, आणि शांत पंखा व बंद पंखा यांत कानाला फरक नाही.

रात्री ११:०० – उरला १ तास

पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तापतात. ढोबळ नियम असा की दर १० अंशांना त्यांचं आयुष्य निम्मं होतं. आणि हे आधीच कुठल्याशा कंपनीत बरीच वर्षं झिजून आलेले.

रात्री १२:००

बारीक 'फट्'. तिन्ही विंगचे कॅमेरे, गेटचा इंटरकॉम आणि रेकॉर्डिंग एकदम बंद. वॉचमनच्या स्क्रीनवर काळे चौकोन.

दुसऱ्या दिवशी

झाकण काढल्यावर दोन कपॅसिटर डोक्याला फुगलेले दिसतात. सभेत ठपका 'सेकंडहँड माला'वर येतो. तो अन्याय आहे, आणि पोराने आवाज कमी केला हाही गुन्हा नव्हे. ४० मिलिमीटरच्या जागी झाकणावर १२० मिलिमीटरचा संथ पंखा बसवता आला असता, पेटीला जाळीचं दार लावता आलं असतं, किंवा स्विच वॉचमनच्या केबिनमध्ये नेता आला असता. पंख्याला कमी व्होल्ट द्यायचेच तर यंत्र तापलेलं असताना, रात्रीच्या पूर्ण भारावर, वीज घालवून-आणून बघायला हवं होतं. आणि खबर देणारी तार जुळत नसेल तर जुळणारा पंखा शोधायचा. तार ग्राउंड करायची नाही. आवाज हा शेजाऱ्यांचा प्रश्न होता. ती तार यंत्राची तक्रारवही होती, आणि तीच दुपारी सव्वाबाराला बंद झाली.