ज्युररची जुनी कोर्टकचेरी

कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या फेडरल कोर्टात ३० जुलै २०१२ रोजी ॲपल विरुद्ध सॅमसंग खटल्यासाठी ज्युरीची निवड चालू होती. न्यायाधीश लूसी को यांनी समोरच्यांना विचारलं, तुम्ही, तुमच्या घरचं किंवा अगदी जवळचं कुणी कधी दाव्यात वादी, प्रतिवादी वा साक्षीदार होतं का? एका अभियंत्याने सॉफ्टवेअरच्या मालकीवरून एका प्रोग्रॅमरशी झालेला वाद सांगितला. हाच गृहस्थ पुढे ज्युरीचा फोरमन झाला आणि २४ ऑगस्टला ज्युरीने सॅमसंगला सुमारे १०५ कोटी डॉलरची भरपाई द्यायला सांगितली.

त्याने न सांगितलेला दावा निकालानंतर बाहेर आला. तो पूर्वी सीगेट कंपनीत नोकरीला होता. नोकरी सुटल्यावर घराच्या कर्जावरून दोघांत कोर्टबाजी झाली आणि १९९३ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. सॅमसंग २०११ पासून सीगेटची मोठी भागधारक होती. म्हणजे जुना राग सॅमसंगवर निघाला असेल, असा तिच्या वकिलांचा संशय. फोरमनने वार्ताहरांना सांगितलं, प्रश्न गेल्या दहा वर्षांपुरताच होता. कोर्टाच्या लेखी नोंदीत अशी मर्यादा कुठेच नव्हती.

सॅमसंगने मागितलेला नवा खटला को यांनी डिसेंबरमध्ये नाकारला. सीगेटमधल्या नोकरीबद्दल त्याने निवडीच्या वेळीच सांगितलं होतं. सॅमसंगने तेव्हा आणखी विचारलं असतं किंवा जुन्या नोंदी चाळल्या असत्या तर दावा सापडला असता, असं त्यांचं म्हणणं. वेळेत हरकत न घेणाऱ्याचा हक्क जातो, हे कायद्याला धरूनच आहे. पण फोरमन विसरला की त्याने लपवलं, याचा निवाडा झालाच नाही, ही त्यातली खंत.

या खटल्याच्या ऐंशी वर्षं आधी कोर्ट सगळा भार ज्युररच्या शपथेवर टाकत असे. मिनियापोलिसमधला फोशे टॉवर उभारणाऱ्या विल्बर फोशेवर १९३१ मध्ये टपालातून फसवणूक केल्याचा खटला चालला. अकरा ज्युरर त्याला दोषी धरत होते. एकटी बाई अडून राहिली आणि ज्युरी निर्णयाविना सुटली. नंतर कळलं की १९२९ च्या उन्हाळ्यात ती थोडे दिवस फोशेच्याच कंपनीत कामाला होती आणि निवडीच्या वेळी तिने ते दडवलं होतं. न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला सहा महिन्यांची कैद सुनावली गेली. १९३३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कार्डोझो यांच्या निकालपत्राने, ती कायम केली.

१९८४ मध्ये त्याच न्यायालयाने मॅकडोनो पॉवर इक्विपमेंटच्या खटल्यात कसोटी घालून दिली. गवत कापायच्या यंत्राने एक मुलगा जखमी झाला होता. घरात कुणाला गंभीर दुखापत झाली आहे का, या प्रश्नावर एक ज्युरर गप्प राहिला. त्याच्या मुलाचा पाय ट्रकचा टायर फुटून मोडला होता. फेरखटला हवा असेल तर दोन गोष्टी दाखवा, असं न्यायालयाने सांगितलं: ज्युररने महत्त्वाच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिलं नाही आणि खरं उत्तर मिळतं तर त्याला ज्युरीतून वगळायला सबळ कारण ठरलं असतं. प्रश्न चुकीचा समजून गप्प बसलेला माणूस या कसोटीत खोटारडा ठरत नाही. माणसांच्या स्मरणशक्तीची ही कदर योग्यच म्हणायला हवी.

मिसुरी राज्याने मात्र वाट बदलली. तिथे डॉक्टरच्या हलगर्जीपणाच्या एका खटल्यात, कुणी कधी दाव्यात पक्षकार होतं का, असं विचारल्यावर काहींनी हात वर केले. एक ज्युरर गप्प होती. डॉक्टर जिंकले. मग हरलेल्या बाजूच्या वकिलाने केस.नेट या राज्याच्या सार्वजनिक संकेतस्थळावर तिचं नाव टाकलं, तर कर्जवसुलीचे अनेक दावे निघाले! तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्याला फेरखटला मिळाला आणि २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पण बजावलंही: यापुढे वकिलांनी ज्युररची नोंद खटला सुरू होण्याआधीच पाहावी. पुढच्याच वर्षी तसा नियम आला. आता ज्युरीला शपथ देण्याआधी केस.नेट न चाळणाऱ्या वकिलाला नंतर तक्रार करता येत नाही.

हा बदल चांगला झाला. सावकाराने, बँकेने कोर्टात खेचल्याची गोष्ट अनोळखी माणसांनी भरलेल्या दालनात उभं राहून सांगणं कुणालाही जड जाईल. ती लाज ओळखून आधीच नोंद पाहिली तर जखमी माणसाला आणि डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून साक्षी-पुरावे करावे लागत नाहीत, आणि त्या ज्युररवरही निकालानंतर चौकशीची वेळ येत नाही.

सगळं मात्र नोंदीत नसतं. दक्षिण डकोटातल्या मोटारसायकल अपघाताच्या एका खटल्यात फोरमन बाईने, आपण निःपक्षपाती राहू, असं निवडीच्या वेळी सांगितलं होतं. बंद खोलीत मात्र ती बोलून गेली की तिच्या मुलीच्या हातून अपघातात एक माणूस मेला होता आणि मुलीवर दावा झाला असता तर तिचं आयुष्य उद्ध्वस्त झालं असतं. दुसऱ्या ज्युररने हे प्रतिज्ञापत्रावर सांगितलं. ज्युरर निवडीच्या वेळी खोटं बोलला हे दाखवायला ज्युरीच्या खोलीतली चर्चा पुरावा म्हणून चालत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये एकमताने ठरवलं. दाव्यांच्या नोंदी चाळूनही वकिलाच्या हाती काही लागलं नसतं, कारण मुलीवर दावा झालाच नव्हता.