बालकामगार चौकशी आयोग आणि सोलापूर

कारखान्यांत व घरगुती उद्योगांत राबणाऱ्या मुलांची स्थिती तपासण्यासाठी सरकारने वेळोवेळी नेमलेली मंडळे. भारतातील बालसंरक्षणाचे बरेचसे आरंभीचे कायदे त्यांच्या अहवालांतून घडले. गिरण्या आणि विडी या दोन्ही धंद्यांवर वाढलेल्या सोलापुरात या आयोगांची ताकद दिसते, तशी मर्यादाही.

पहिला आयोग मुंबई सरकारने 1875 मध्ये नेमला. 1877 मध्ये सोलापूरची ‘जुनी मिल’ सुरू झाली तेव्हा मुलांच्या वयाला कायद्याचे बंधन नव्हते. ते 1881 मध्ये आले : सात वर्षांखालच्यांना मज्जाव, बारा वर्षांपर्यंतच्यांना दिवसाला नऊ तास. सात वर्षांच्या पोराला नऊ तास, आणि हीच तेव्हाची सुधारणा! 1890 च्या आयोगाच्या मुंबईतील कामात कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे सहभागी होते. पुढच्याच वर्षी वयोमर्यादा नऊवर गेली, तास सातवर आले. तरीही 1908 च्या आयोगाला नऊ वर्षांखालची मुले कारखान्यांत आढळलीच. मग 1911 च्या कायद्याने वयाचा दाखला सक्तीचा केला.

गिरणीला फाटक होते, भोंगा होता, हजेरीपट होता. निरीक्षक आत शिरू शकत होता. विडी वळली जाई ती लहान खोल्यांत आणि घराच्या ओट्यावर.

व्हिटली आयोगाने (1929–31) विडीसारख्या धंद्यांत काही ठिकाणी पाच वर्षांची मुले दहा-बारा तास, दोन आण्यांसाठी बसलेली पाहिली. आईबापांनी उचल घेऊन मुलांचे श्रम गहाण टाकण्याची रीतही नोंदवली. त्यातून 1933 चा श्रमगहाणविरोधी कायदा झाला. 1938 च्या कायद्याने विडीच्या आणि कापड विणण्या-रंगवण्याच्या कार्यशाळांत बारा वर्षांखालच्यांना बंदी केली. पण कुटुंबाच्याच मदतीने चालणारे काम वगळले. गुरुपादस्वामी समितीच्या (1979) अहवालानंतर आलेल्या 1986 च्या कायद्यातही ही सवलत टिकली.

सोलापूरसाठी ही फार मोठी फट होती. इथे कारखान्यातून पान-तंबाखू घेऊन बायका घरीच विड्या वळतात, त्यांत तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंबे पुष्कळ. अशा घरात आईच्या हाताखालचे मूल कोणत्याच हजेरीपटावर येत नाही. राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पाच्या विशेष शाळांनी अशा मुलांना शिक्षणाकडे वळवण्याचे काम केले. 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच धंद्यांत बंदी केली. घरच्या व्यवसायात, काम धोक्याचे नसेल तर, शाळा सुटल्यावर हातभार लावण्याची मुभा मात्र ठेवली.