उजनीच्या पोटातला मोटाररस्ता

हा भाग ऐकताना तुम्ही पुण्याहून सोलापूरकडे निघाला असाल, तर भिगवण मागे पडलं की जरा डावीकडे बघा. (गाडी चालवणाऱ्यानं नाही, शेजारच्यानं.) ऊस, केळी, मधूनच चमकणारं पाणी. ते उजनीचं पाणी. आपण ज्याला पुणे-सोलापूर हायवे म्हणतो त्याचा थोरला भाऊ त्या पाण्याखाली झोपलाय. आजचा भाग त्याच्याबद्दल.

सुरुवात मात्र झाली अमेरिकेतून. मी बारामतीचा, नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. बसच्या प्रवासात कानात काहीतरी चालू असतंच. तसं एकदा लाँग आयलंड मोटर पार्कवेबद्दल ऐकलं. विल्यम व्हँडरबिल्ट ज्युनियर नावाचा रेल्वेवाल्या घराण्यातला श्रीमंत पोरगा. त्याला मोटारींच्या शर्यतींचं वेड. १९०४ पासून न्यूयॉर्कजवळच्या साध्या रस्त्यांवर त्यानं शर्यती भरवल्या. १९०६ साली एक प्रेक्षक गाडीखाली येऊन मेला. मग यानं ठरवलं, रस्ताच स्वतःचा बांधू. १९०८ मध्ये तो सुरू झाला. फक्त मोटारींसाठी, चौकात कुठं थांबायला लागू नये म्हणून पूल, वळणावर रस्ता एका बाजूनं उचललेला, आणि टोल दोन डॉलर. तो पुढं वाढत वाढत सत्तर किलोमीटरच्या वर गेला. मग शेजारी सरकारनं फुकटातले चांगले रस्ते बांधले, टोल उतरत उतरत चाळीस सेंटवर आला, तरी गिऱ्हाईक येईना, आणि १९३८ साली रस्ता बंद. थकलेल्या कराच्या बदल्यात जमीन सरकारजमा. आता तिथली हौशी मंडळी जुने नकाशे घेऊन झाडीत शिरतात आणि त्याचे पूल, खांब शोधून काढतात. थोडा भाग सायकलींसाठी वापरतात.

हे ऐकून मी शनिवारी घरी आलो आणि आईला मोठ्या कौतुकानं सांगायला लागलो. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "एवढं लांब कशाला? तुझ्या आजीचा रस्ता पाण्यात आहे की."

मला उजनी माहीत होतं, फ्लेमिंगो माहीत होते, भिगवणचे मासे तर फारच माहीत होते. आजीचं माहेरचं आणि सासरचंही गाव इंदापूर तालुक्यात पाण्यात गेलं, हेही ऐकून होतो. पण रस्ता? एवढा मोठा रस्ता जातो कुठं?

तर थोडं मागं जाऊ. पुण्याहून सोलापूरला जाणारी ही वाट इंग्रजी अमदानीत पक्की झाली. भीमेच्या काठानं, गावागावातून. जीआयपी रेल्वे १८६० साली सोलापूरला पोचली, तीही इथूनच, डिकसळजवळ भीमा ओलांडून. दोघंही नदीच्या कडेनं गेले, कारण सपाट जमीन, पाणी आणि वस्ती तिथंच होती. बाकी इंदापूर म्हणजे दुष्काळी मुलूख. १८७६-७७ च्या दुष्काळानं हा भाग होरपळला, त्यानंतर नीरेचा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरचा नीरेकडचा पट्टा हिरवा झाला. भीमेकडची बाजू तशी कोरडीच राहिली.

मोटारी मुंबईत आल्या १८९८ च्या सुमारास. पहिल्या काही मालकांत जमशेटजी टाटांचं नाव सांगतात. आपल्याकडे मोटार म्हणजे पुढं कित्येक वर्षं 'सर्व्हिस मोटार'. खासगी मालकाची, हँडल मारून चालू व्हायची, आणि भरल्याशिवाय सुटायची नाही. वेळापत्रक वगैरे काही नाही; माणसं भरली की वेळ झाली. (आजही काही वडाप तसंच चालतं, म्हणजे परंपरा जिवंत आहे.) दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा मोटारीच्या मागं कोळशाची भट्टी बसवून त्या गॅसवर गाड्या चालवल्या. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. मग १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी बस सुटली आणि हळूहळू सर्व्हिस मोटारींचं राज्य संपून 'यष्टी'चं आलं.

आता इंदापूर तालुक्याचा मोटारींशी असलेला सगळ्यात भारी संबंध, जो मला इंजिनिअर होऊनही माहीत नव्हता. वालचंदनगर. आपण नाव रोज ऐकतो, पण हे वालचंद हिराचंद कोण? १८८२ साली सोलापुरात जन्मलेला माणूस. रेल्वेची कंत्राटं घेत घेत वर आला, १९१९ साली सिंधिया कंपनीतर्फे इंग्रजांच्या नाकावर टिच्चून जहाज चालवलं, आणि नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर कळंबच्या माळावर उसाचा मळा आणि साखर कारखाना उभा केला. तेच वालचंदनगर. पण त्याच्या डोक्यात मोटार होती. भारतात बनलेली मोटार. विश्वेश्वरय्यांसोबत त्यानं आराखडा केला, अमेरिकेत जाऊन आधी फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली, मग क्रायस्लरशी जमवलं. त्याच सुमारास पॉली नावाच्या विमानवाल्या अमेरिकनाशी गाठ पडली आणि १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना आधी निघाला! मोटारीचा राहिला, कारण युद्धाच्या काळात इंग्रज सरकार काही दाद देईना. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज ट्रक, प्लिमथ गाड्या बाहेर पडायला लागल्या. पुढं याच कंपनीनं फियाट बनवली, तिची पद्मिनी झाली, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. म्हणजे आपल्या तालुक्यात ज्यानं ऊस पिकवला त्याच माणसानं देशात मोटार बनवण्याचा ध्यास घेतला होता. शाळेत हे का शिकवत नाहीत, हा माझा जुना राग आहे, असो.

वालचंद गेले १९५३ साली. पुढं भीमेवर उजनीला धरण झालं आणि १९८० साली ते पुरं झालं. पाणी मागं मागं पसरत भिगवणच्या वर गेलं. गावं उठली, पळसदेवसारखी गावं वर माळावर नव्यानं बसली, रेल्वेची लाइन हलवली आणि हायवेही वर सरकला. डिकसळचा रेल्वेचा जुना पूल तेवढा पाण्यावर उरला. त्यावरून रूळ गेले आणि मग इंदापूर-करमाळ्याकडची माणसं, दुचाक्या, उसाच्या गाड्या जायला लागल्या. रेल्वेचा पूल मोटारीचा झाला आणि मोटारीचा रस्ता माशांचा.

हा रस्ता शोधायचं आम्ही तिघांनी ठरवलं २०२४ च्या उन्हाळ्यात. कारण त्या वर्षी उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. हे 'उणे' काय प्रकरण आहे ते सांगतो, कारण बातमीत ऐकून सगळेच गोंधळतात. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या खालचं. वापरायचं पाणी साधारण ५३.५ टीएमसी. टक्केवारी फक्त या वरच्या भागाची काढतात. म्हणून 'शून्य टक्के' म्हटलं तरी धरण अर्ध्याहून जास्त भरलेलं असतं! त्याखाली गेलं की उणे. आणि उणे खूप खाली गेलं की जुन्या गोष्टी डोकं वर काढतात. पळसनाथाचं देऊळ, वाड्यांच्या भिंती, आणि रस्ता.

नकाशाचं काम माझ्याकडे. अमेरिकी लष्करानं १९५० च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या साइटवर फुकट मिळतात. लँडसॅट उपग्रहाची चित्रं १९७२ पासूनची आहेत, म्हणजे धरणाच्या आधीची. त्यात रस्ता दिसत नाही, एक ठिपकाच ऐंशीएक मीटरचा असतो, पण भीमा दिसते, बारीक दोऱ्यासारखी. मी जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवला. त्यासाठी दोन्हींत सापडणारे बिंदू जुळवावे लागतात. इंदापूर जुळवलं, टेकड्या जुळवल्या, गावं जुळवली. जुना रस्ता एकदम झोकात आजच्या हायवेच्या अंगाला येऊन बसला. मी खूश.

आजीला लॅपटॉप दाखवला. तिनं चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "इथं मोटार कधी आली रे? हा तर माळ होता. गुरं चारायचो आम्ही."

मग डोक्यात उजेड पडला. मी गावाच्या नावाला नाव जुळवलं होतं. पण नाव वर आलं होतं, गाव खालीच होतं. जुन्या नकाशातलं गाव मी नव्या गावठाणावर टाचलं आणि त्याच्याबरोबर सगळा रस्ता ओढून वर आणला. सहा वर्षं डेटाबेस सांभाळतोय, आणि एकच नाव म्हणजे एकच वस्तू नव्हे, हे मला चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं सांगितलं. गावं काढली, फक्त इंदापूर, टेकड्या आणि नदीची वळणं ठेवली. रस्ता सरकून पाण्यात गेला.

मे महिन्यात सकाळी सहाला बारामतीहून निघालो. पाण्याच्या कडेला गाळ वाळून त्याला फरशीसारख्या भेगा पडल्या होत्या. लोकांनी पाण्याच्या मागं मागं पाइप नेले होते, मोटारी ओढत ओढत. (पाण्याच्या मोटारी. शब्द तोच, आता गावात 'मोटार' म्हटलं की हीच.) मग गाळातून थोडा उंच, सरळ जाणारा पट्टा दिसला. आजूबाजूला शिंपले, जाळ्याचे तुकडे, आणि या पट्ट्यावर पायाखाली दगड. हातानं फोडलेली, बसवलेली खडी. एका जागी काळं डांबर अजून चिकटून होतं, आणि पुढं एक दगडी मोरी, अर्धी गाळानं बुजलेली. आम्ही तिघं तिथं नुसते उभे राहिलो. एकानं व्हिडिओ काढायला घेतला आणि मग ठेवून दिला.

मी आजीला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "मोरी दिसते ना? तिथनं पुढं चिंच. चिंचेखाली यष्टी थांबायची." चिंच कुठली असणार, पण पन्नासएक पावलांवर एक जाड खोडाचं बूड होतं, पाण्यानं काळं झालेलं. ते चिंचेचंच का, माहीत नाही. आजी मात्र म्हणाली, तेच.

मी विचारलं, तू या रस्त्यावरून मोटारीतून कुठं जायचीस? ती हसली. इंदापूरच्या बाजाराला बैलगाडीनं किंवा चालत. यष्टीचे पैसे कुणाकडे होते? बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी मात्र भरपूर फोडली, हाताला फोड येईपर्यंत, सुकडी खाऊन. "त्यावरनं गाड्या तुम्ही पळवल्या," म्हणाली. आणि मग, जरा थांबून, "एकदा बसले ट्रकात. गाव उठलं तेव्हा. भांडी, कणगी, शेळ्या आणि आम्ही." त्या रस्त्यावरून तिनं केलेला मोटारीचा तो एकमेव प्रवास. गाव सोडण्याचा.

व्हँडरबिल्टचा रस्ता मेला कारण त्यावर कुणी येईना. आपला भर वाहतुकीत बुडाला आणि वाहतूक बिनबोभाट वरच्या रस्त्यानं चालू राहिली. मुंबई-हैदराबाद करणाऱ्याला काहीच फरक पडला नाही. फरक पडला आडव्या जाणाऱ्यांना, नदीच्या या काठावरून त्या काठावर सोयरिकी असलेल्यांना. नदी होती तिथं अफाट पाणी आलं. पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, पण रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा. म्हणून लोक बोटीनं जातात. आम्ही रस्ता बघून आलो त्याच महिन्यात, २१ मे २०२४ ला, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. मी तोवर आमचे फोटो टाकायची तयारी करत होतो. टाकले नाहीत. आता शिरसोडी ते कुगाव असा पूल मंजूर झालाय.

तो नकाशा आमच्याकडे आहे. त्यावर मोरी आहे, रस्त्याची रेघ आहे आणि 'चिंच, यष्टी थांबा' अशी खूण आहे. बाकीच्या खुणा भरायच्यात: चहाचं दुकान कुठं होतं, सर्व्हिस मोटारीत पाणी कुठं भरायचे, डाव्या हाताला कुणाची विहीर. हे सांगू शकणारी माणसं सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत. तुमच्या घरात भीमाकाठचं कुणी असेल, तर फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. प्रश्न फार विचारू नका, फक्त 'बाजाराला कसे जायचात' एवढंच विचारा. आणि उन्हाळ्यात बघायला जाणार असाल तर एकटे जाऊ नका, काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत माणूस कमरेपर्यंत जातो. दगड तर एकही उचलून आणू नका.

ऑगस्टमध्ये धरण भरलं. त्या दिवशी आजीचा फोन आला. तिला टक्केवारी नको होती. "मोरी बुडाली का?" एवढंच विचारलं. म्हटलं, बुडाली आजी, कधीच. "बरं," म्हणाली, "म्हणजे पाऊस चांगला झाला."