रंगाआधी चकाकी

पुण्याहून अहिल्यानगरकडे निघाले की वाटेत सुपा लागते. पारनेर तालुक्यातला हा टापू पर्जन्यछायेतला. याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने पाणी अडवून दाखवले. सुप्याची औद्योगिक वसाहत ही तालुक्याची नंतरची ओळख. अशा वसाहतींत काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींपुढे एक विषय आस्थेने ठेवतो आहे: अ‍ॅनोडायझिंगपूर्वी अ‍ॅल्युमिनियमला रसायनाने आणायची चकाकी. कारखान्यात तिला ‘ब्राइट डिप’ म्हणतात.

नाव नवे असले तरी सामग्री ओळखीची आहे. धातू तोच, ज्याच्या भांड्याला आपल्या आज्या ‘जर्मनचे पातेले’ म्हणत आल्या. आणि टाकीतली दोन आम्ले पाहा: फॉस्फोरिक आणि नायट्रिक. शेतकऱ्याच्या भाषेत स्फुरद आणि नत्र. खताच्या गोणीवरची ही जोडी इथे धातूला आरसा बनवते.

ते कसे, हे वाचकांनी सावकाश समजून घ्यावे, कारण विषयाचा गाभा इथे आहे. साधारण 95 भाग तीव्र फॉस्फोरिक आम्लात 5 भाग नायट्रिक मिसळून द्रव 90 ते 110 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि जिगवर, म्हणजे माल टांगायच्या सांगाड्यावर, बांधलेला माल त्यात एक ते तीन मिनिटे बुडवतात. नायट्रिक आम्ल पृष्ठभागावर ऑक्साइड तयार करते, फॉस्फोरिक ते विरघळवते. द्रव काकवीसारखा दाट असल्याने सूक्ष्म खळग्यांत विरघळलेला धातू साचून राहतो आणि तिथले काम मंदावते. उंचवटे मात्र भराभर झिजतात. पृष्ठभाग सपाट होतो, प्रकाश विखुरण्याऐवजी सरळ परततो. ही चकाकी वरून लावलेली नसते. खडबडीतपणा काढून टाकल्यावर उरलेला तो धातूच असतो.

पुढचे अ‍ॅनोडायझिंगही लेप नव्हे. कल्हईत पितळेवर कथील बाहेरून चढते. इथे सौम्य गंधकाम्लात वीज सोडून धातूतूनच ऑक्साइडचा थर वाढवतात. 1923 मध्ये ब्रिटनमध्ये बेंगो आणि स्टुअर्ट यांनी सागरी विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवायला क्रोमिक आम्लाची पद्धत वापरली, तीही याच जातीची. चकाकीच्या कामात हा थर सहसा 5 ते 10 मायक्रॉनचा, पारदर्शक राखतात. त्यामुळे खालचा ओरखडाही तो प्रामाणिकपणे दाखवतो. या थरात भरायचा रंग सुंदर दिसायचा तर आधी धातू सुंदर हवा.

धातूची शुद्धता म्हणूनच निर्णायक ठरते. लोहाचे प्रमाण कमी राखलेला 6063 हा मिश्रधातू छान उजळतो. भरपूर सिलिकॉन असलेले ओतकाम करडेच राहते. हा दोष कामगाराच्या हाताचा नसतो, हे नवख्याने लवकर ओळखावे.

सावधगिरीबद्दल मात्र मला हळू आवाजात बोलता येत नाही. टाकीवर उठणारा तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. तो छातीत गेल्यावर त्रास कित्येकदा काही तासांनी उफाळतो, तोवर माणूस घरी पोहोचलेला असतो. एक्झॉस्ट चालू नसेल तर टाकीजवळ जाऊ नका. हा प्रयोग घरी तर कधीच करू नका.

माल बाहेर काढल्यावरही त्याला चिकटलेले गरम आम्ल धातू खातच राहते, म्हणून धुण्याला क्षणाचाही उशीर चालत नाही. आणि धुणे म्हणजे पाणी. ओळीने मांडलेल्या टाक्यांत स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीत सोडून उलट दिशेने पहिलीकडे आणले की थोड्या पाण्यात माल नीट धुतला जातो. पहिल्या टाकीत साठलेले फॉस्फोरिक आम्ल परत मिळवताही येते. पारनेरकरांना ही काटकसर वेगळी शिकवावी लागू नये.

सुरुवात मात्र आम्लाशिवाय करा. घरातल्या खिडकीचा अ‍ॅनोडाइज्ड सेक्शन आणि एखादा चकचकीत रिफ्लेक्टर ट्यूबलाइटखाली शेजारी धरा. एकात उजेडाचा धूसर पट्टा दिसेल, दुसऱ्यात नळीची कडही.