उसना ठेका : लॅटिन जाझ आणि सातारा-सांगलीचा श्रोता

काजू आणि बटाटा हे शब्द सातारा-सांगलीकडे आज कोणालाही परके वाटत नाहीत. पहिल्याचे मूळ ब्राझीलमधील तुपी भाषेत, तर दुसऱ्याचे कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेत आहे. दोन्ही शब्द पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरले, मराठी उच्चाराच्या वळणात बसले आणि घाट चढून देशावर आले. पुढे त्याच दूरच्या प्रदेशांतील तालही मराठी कानापर्यंत पोचले. शब्दांच्या उसनवारीची नोंद व्युत्पत्तिकोशात होते. तालांच्या उसनवारीची मात्र क्वचितच होते.

गुलामगिरीची प्रथा क्यूबात १८८६ साली व ब्राझीलमध्ये १८८८ साली संपली. तोवर पिढ्यानपिढ्या राबविल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांनी आपली ढोलवादनाची परंपरा जपली होती. तिचा स्पॅनिश व पोर्तुगीज गायकीशी संयोग होऊन क्यूबात ‘सोन’ आणि ‘रुंबा’, तर ब्राझीलमध्ये ‘सांबा’ हे प्रकार घडले. न्यूयॉर्क येथे १९४३ साली मारियो बाउझा यांनी माचितो यांच्या वाद्यवृंदासाठी ‘टांगा’ ही रचना केली. लॅटिन जाझचा आरंभ सामान्यतः तिच्यापासून मानतात. १९४७ साली डिझी गिलेस्पी व क्यूबाचे कोंगावादक चानो पोझो यांची ‘मांतेका’ पुढे आली. १९५८ च्या सुमारास जोआओ जिल्बेर्तो व अंतोनियो कार्लोस जोबिम यांनी सांबाला मृदू वळण देऊन ‘बोसा नोव्हा’ ही शैली रूढ केली.

क्यूबाच्या तालाचा कणा म्हणजे ‘क्लावे’. या स्पॅनिश शब्दाचा एक अर्थ किल्ली असा आहे. दोन लाकडी दांड्या एकमेकींवर आपटून त्यांचे पाच आघात केले जातात. १६ सूक्ष्म मात्रांच्या आवर्तनात ते १, ४, ७, ११ व १३ या स्थानी पडतात. म्हणजे पूर्वार्धात तीन व उत्तरार्धात दोन. हे आघात ढळत नाहीत, म्हणूनच इतर वादकांना मोकळीक मिळते. ज्याने तमाशाच्या फडात झांज व तुणतुणे यांच्या आधारावर ढोलकी खेळताना ऐकली आहे, त्याला ही व्यवस्था अनोळखी वाटणार नाही. दोन्ही परंपरा एकमेकींपासून निघाल्या असा याचा अर्थ नव्हे. कान मात्र आधीच तयार आहे.

हा कान या प्रदेशात घडला त्याला दीर्घ इतिहास आहे. १९४९ साली साताऱ्यापासून वेगळा होऊन ‘दक्षिण सातारा’ झालेला आणि १९६० पासून सांगली म्हणून ओळखला जाणारा जिल्हा ही लावणीची भूमी होय. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) रेठरे हरणाक्षचे, तर शाहीर अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) वाटेगावचे.

याच जिल्ह्यातील मिरज येथे १८९८ साली विनायकबुवा पटवर्धन जन्मले. पुण्यात त्यांच्याकडे ज्यांनी शास्त्रीय गायनाचे शिक्षण घेतले, त्यांत रामचंद्र चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, होते. त्यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील काही गीतांवर लॅटिन नृत्यतालांची छाप स्पष्ट आहे. गोव्यातील हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ‘चिक चॉकलेट’, हे त्यांचे साहाय्यक होते. त्यांचा वाद्यवृंद त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. शब्दांप्रमाणे तालही गोव्याच्या माणसांच्या हातून मराठी माणसापर्यंत आला, आणि श्रोत्याने नाव न विचारता त्यावर पाय धरला.

नाव न विचारण्यातच या इतिहासाचा सल आहे. लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहिराची नाममुद्रा येते. ढोलकी-हलगी वाजविणाऱ्याची येत नाही. क्यूबाच्या ऊसमळ्यांतील ढोलवादकांची नावेही अशीच लोपली. ‘मांतेका’च्या रचनाकारांत चानो पोझो यांचे नाव नोंदले गेले, हे म्हणूनच महत्त्वाचे. पुढच्याच वर्षी, १९४८ साली, न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. पण कृती त्यांच्या नावासह उरली.

लॅटिन जाझ ऐकू इच्छिणाऱ्याने ‘मांतेका’पासून आरंभ करावा, नंतर ‘टांगा’ आणि १९६४ साली प्रसिद्ध झालेली स्टॅन गेट्झ व जिल्बेर्तो यांची ध्वनिमुद्रिका ऐकावी. प्रथम चालीकडे लक्ष न देता क्लावेचे पाच आघात बोटांवर मोजावेत. ते सापडले की बाकीचे वादन आपोआप उलगडते. त्यानंतर पुन्हा आपली ढोलकी ऐकावी, आणि वाजविणाऱ्याचे नाव विचारावे.