मुष्टियुद्ध आणि विम्याचा हप्ता

मुष्टियुद्धात पाहणारा तिकिटाचे पैसे देतो, सामना भरविणारा ते गोळा करतो, आणि मार मात्र लढणारा खातो. मग त्या माराचा खर्च कोणी सोसावयाचा? या प्रश्नाला हात घालण्यास अमेरिकेतील कायद्याने फार काळ लावला.

१९६२ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बेनी पॅरेट हा योद्धा बेशुद्ध झाला व दहा दिवसांनी वारला. तरीही योद्ध्याचा वैद्यकीय विमा उतरविल्यावाचून सामना भरविता येणार नाही, असा सबंध देशासाठी कायदा झाला तो १९९६ साली. त्यातही विम्याची किमान रक्कम ठरविलेली नव्हती. न्यूयॉर्क राज्याने आपल्यापुरती ठरविली होती ती अवघी १० हजार डॉलर.

२०१३ साली त्याच नावाच्या नव्या गार्डनमधील लढतीनंतर मागोमेद अब्दुसलामोव्हच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि तो जन्माचा परावलंबी झाला. २०१६ साली न्यूयॉर्कने मेंदूच्या जीवघेण्या इजेसाठी १० लाख डॉलरचा विमा आयोजकांवर बंधनकारक केला. २०१७ साली राज्याने अब्दुसलामोव्हच्या कुटुंबास २ कोटी २० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. एका जखमेचा हिशेब केवढा होतो, हे त्यावरून कळावे.

हप्ता परवडत नाही, अशी लहान आयोजकांनी तक्रार केली. ती खोटी नव्हती. तेथील सामने कमी झाले. पण विम्यावाचून भरलेला सामना स्वस्त दिसतो, तो एवढ्याचसाठी की, त्याचा उरलेला खर्च लढणाऱ्याची बायकापोरे भरीत असतात.